ताटातली चिठ्ठी

कोकंद,
रविवार, दुपारच्या नमाजानंतर

प्रिय हिलोला,

तुला आणि इल्होमला अल्लाह सुखात ठेवो. हे पत्र हाशिम टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे, सोबत सहा नान आहेत. आजच्याच तंदूरचे आहेत, शिळे झाले तर पाण्याचा हात लावून गरम कर, टाकू नकोस. पत्र आमच्या जुन्या लिपीतच लिहिते आहे. तुमच्या नव्या अक्षरांत मला दुकानांच्या पाट्या वाचता येतात, मनातलं लिहिता येत नाही. दहावीला शुद्धलेखनात मला पाचपैकी पाच होते हे तुला शंभरदा सांगून झालंय, आता पुन्हा सांगत नाही.

इकडे थंडी पडली. परवा डाळिंबाची झाडं, बर्फाने जळू नयेत म्हणून, वाकवून मातीखाली निजवली. गेल्या वर्षी तू फांद्या धरल्या होत्यास आणि मी माती ओढली होती, यंदा दोन्ही मीच केलं. कंबर दोन दिवस बोलत होती. फरीदाच्या मुलीचं लग्न ठरलं. गल्लीतला पाट पालिकेने साफ केला, आणि काढलेला गाळ आपल्याच दारात टाकून गेले. बाकी सगळं जसंच्या तसं आहे. तुझ्या खोलीत मी रोज झाडू मारते. टेबलावर कॉम्प्युटर होता तिथे चौकोनी जागा अजून फिकट दिसते, तिच्यावर मी एक रुमाल टाकून ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात इल्होमशी बोलले. तो म्हणाला, कॉम्प्युटरवरून खेड्यातल्या मुलांना शिकवणाऱ्या त्या ताश्कंदच्या शाळेने पुन्हा अर्ज मागवलेत, पण तू अर्जाचा कागद न भरताच बाजूला ठेवलास. म्हणालीस म्हणे, “मला यंत्र लाभत नाही. अब्बांचा कॉम्प्युटरही माझ्या हाती गेल्यावर म्हातारा झाला.” आणि आता तू त्या बेकरीत खोकी बांधतेस. भूगोल घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी, जिच्या वडिलांनी तीस वर्षं रिश्तानच्या शाळेत भूगोल शिकवला, ती खोकी बांधते. हे व्हायला नको होतं. कारण तुला न लाभलेली गोष्ट यंत्र नव्हती, हिलोला. ती काय होती ते मला गेल्या रमजानपासून माहीत आहे.

रमजानच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते. तू बालवाडीत कामाला गेली होतीस. रहिमा-ओपाने भिंतीवरून निळं ताट दिलं, त्यात निशाल्दा, रमजानातला तो गोड पदार्थ, पांढराशुभ्र, फेसासारखा. ताट देता देता रडली. तिची लेक साबो इस्तंबूलमध्ये बाळंत झाली होती, आणि तिच्या फोनवरचं इंटरनेट दोन मिनिटांत संपायचं. म्हणाली, “तुर्सुन, नातवाचं नुसतं नाक पाहिलं बघ. डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत फोन मेला.” ताट रिकामं परत करायचं नसतं, हे मी तुला काय सांगणार. घरात काहीच नव्हतं असंही नाही. कपाटात काळ्या मनुका होत्या, पण त्या ईदच्या पाहुण्यांसाठी राखल्या होत्या, त्यातल्या मूठभर काढवेनात. मग माझी नजर कॅलेंडरच्या मागे गेली. आपल्या इंटरनेटचा पासवर्ड तू तिथे लिहून ठेवला होतास. मी तो एका चिठ्ठीवर उतरवला, चिठ्ठीची चौपदरी घडी केली आणि धुतलेल्या ताटात ठेवून ताट परत दिलं. मला वाटलं, मी केवढी हुशार! काही खर्च नाही आणि पुण्य पदरात.

रोजा सोडल्यावर रहिमा-ओपा दारात आली ती दोन्ही हात पसरून. “तुर्सुन, अगं तू मला माझा नातू ताटात घालून पाठवलास!” म्हणाली आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. पण मी तिथे थांबले असते तर. रमजानात आपल्या गल्लीत ताटं थांबत नाहीत. फरीदाकडून चुचवारा आली, खिमा भरलेल्या त्या छोट्या पुरचुंड्या, तिच्या ताटात चिठ्ठी गेली. कमोलाचं सूप आलं, त्या वाडग्यातही चिठ्ठी. वाडगा ओला होता म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. दहाव्या रोज्यापर्यंत सात घरं झाली. मशिदीच्या अंगणात बायका म्हणायच्या, “तुर्सुनोयसारखं मोठं मन हवं बाई.” आयुष्यभर मला सगळे चिक्कू म्हणत आले, तुझ्या सासऱ्यांपासून सगळे. तर हे मोठं मन मला फार गोड लागलं. रहिमाच्या नातवासाठी केलं असं मी नंतर स्वतःला समजावत राहिले. ते फक्त पहिल्या ताटापुरतं खरं होतं. पुढच्या सहा ताटांत माझं कौतुक होतं.

शपथेवर सांगते, तेव्हा मला वाटायचं की इंटरनेट दिव्याच्या उजेडासारखं असतं. शेजारी चार जण येऊन बसले तरी दिवा काही मंद होत नाही. मग तुझं ते सुरू झालं. संध्याकाळी तू ताश्कंदच्या त्या शाळेला दाखवायच्या नमुन्याच्या धड्याची तयारी करायला बसायचीस आणि पडद्यावर ते गोल गोल चक्र फिरत राहायचं. नकाशा अर्धा उघडायचा, वरचे डोंगर दिसायचे आणि खालची नदी यायचीच नाही. तू किती करून पाहिलंस! ती दिवे लुकलुकणारी डबी लोखंडी पेटीवरून उचलून उंच फळीवर ठेवलीस. ती बंद करून चालू केलीस. तार थेट कॉम्प्युटरला जोडून पाहिलीस. कॉम्प्युटरचं पोट उघडून बदकाच्या पिसाने धूळ काढलीस. नको ते सगळं पुसून टाकलंस. माझा फोनसुद्धा तपासलास आणि हसलीस, “ओयीजान, गुडघेदुखीच्या तेलाच्या चाळीस जाहिराती उघड्या आहेत तुमच्या फोनवर! कुठल्या तेलाने गुण आला तेवढं तरी सांगा.” मीही हसले होते. मग तू मला समजावलंस. म्हणालीस, “हे पाटाच्या पाण्यासारखं असतं. घरात येणारं पाणी तेवढंच. वरच्या बागांनी वळवून घेतलं की आपल्या वाफ्यात चिखलसुद्धा होत नाही.”

त्या क्षणी मला कळलं. हातातली भाजी तशीच राहिली. पाटाच्या पाण्यावरून माझ्या वडिलांनी फावडी उगारलेली मी पाहिली आहेत, पाणी वळवणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. सात घरांनी पाणी वळवलं होतं आणि मीच त्यांना बांध फोडून दिला होता. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तू पासवर्ड बदलशील, आणि ताटातून दिलेली वस्तू मला परत मागावी लागेल. सात दारं हिंडून म्हणावं लागेल की बायांनो, मोठं मन होतं ते संपलं. ते मला जमेना. म्हटलं ईद झाली की बघू.

मग तू तो टेलिफोनच्या ऑफिसातला तंत्रज्ञ बोलावलास. दुपारी चारला आला, गल्लीत सगळे कामावर नाहीतर झोपेत. त्याने तार तपासली आणि म्हणाला, “घरापर्यंत पूर्ण येतंय. जातंय ते घरातच कुठेतरी.” मग विचारलं, किती फोन चालतात यावर? तू म्हणालीस, दोन, माझा आणि ओयीजानचा. “बाहेर कुणाला पासवर्ड दिलाय का? आमच्याकडे दहातल्या नऊ तक्रारींत तेच निघतं. सासूबाईंना विचारा, सासवा फार उदार असतात!” असं म्हणून तो हसला. तू माझ्याकडे वळलीस. तुझ्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. आणि मी, रोज्याच्या तोंडाने, हातात तस्बीहची माळ धरून म्हणाले, “नाही. कुणाला नाही.” तो आत कुठलीशी यादी उघडून बघणार होता, तर तूच त्याला म्हणालीस, “राहू दे भाऊ, ओयी नाही म्हणाल्या ना.” मग त्याने आपलं यंत्र तुझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. तेच पान त्याच्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं, तुझ्यावर थोडा वेळ लागला. “झालं. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय, बहिणी. याला आता पेन्शनीत काढा.” तो गेल्यावर तू कितीतरी वेळ त्या कीबोर्डवरून हात फिरवत होतीस. तुझ्या अब्बांनी कागदावर अक्षरं लिहून, कापून, एकेका बटणावर चिकटपट्टीखाली चिकटवली होती. आपली मोटरसायकल विकून त्यांनी तुला लग्नात तो कॉम्प्युटर दिला आणि पुढच्या हिवाळ्यात ते गेले. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी डाळ निवडत बसले.

तू तरी हार मानली नाहीस. म्हणालीस, पासवर्ड एकदा बदलून तर पाहू. मी म्हणाले, नको गं, मला नवा पाठ होणार नाही. जिला रोजच्या जमाखर्चाची वीस वर्षांची वही तोंडपाठ आहे, तिला आठ अक्षरं पाठ होणार नाहीत! तू तेही मानलंस. मग म्हणालीस, “ओयीजान, तुमच्या वहीत एक पान मला द्या. मी सकाळी घरात नसते. तुम्ही दिवसातून पाच-सहा वेळा, कामातून उसंत मिळाली की, कॉम्प्युटरवर हे पान उघडून बघा आणि किती वेळ लागला ते लिहा. तुम्ही लिहिलेलं कधी चुकत नाही.” मी पहिले दोन दिवस खरं लिहिलं. सकाळी लगेच, दुपारी लगेच, संध्याकाळी उघडतच नाही. दोन दिवसांचे आकडे एकाखाली एक पाहिले आणि घाबरले. माझं गुपित तिथे ओळीने मांडलेलं होतं. रोजा सुटला की गल्ली इंटरनेटवर बसते, हे कुणीही पाहिलं असतं तरी कळलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या रकान्यात खोटं लिहायला लागले. सकाळी दहाला “उघडलं नाही”. अकराला “फार उशीर”. म्हटलं, सगळीकडे सारखंच दिसलं म्हणजे माणसांवर बोट जाणार नाही. हिलोला, माझ्या वहीत वीस वर्षांत एक टिंब चुकीचं नव्हतं. त्या पानावर बारा आहेत. मी आज पुन्हा मोजले.

आणि त्या ताश्कंदच्या शाळेने तुला नमुन्याच्या धड्यासाठी दोन वेळा दिल्या, सकाळी दहा किंवा रात्री साडेआठ, हवी ती घ्या. तू माझं पान समोर ठेवलंस, बोट फिरवलंस आणि म्हणालीस, सकाळ तर अगदीच वाईट दिसते, रात्रीची घेते. मी चहा ओतत होते. पेल्याबाहेर सांडला. तू म्हणालीस, सोडा, मी पुसते.

त्या रात्री तू हिरवा रुमाल बांधला होतास आणि भिंतीवर सिर दर्याचा नकाशा लावला होतास. मी पलीकडच्या खोलीत होते. तुझा आवाज चांगला चालला होता, नदी दोन उगमांतून कशी येते, आपल्या खोऱ्यात कशी एक होते. मग तू थांबलीस. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा थांबलीस. “ऐकू येतंय का? मी दिसते आहे का?” पडद्यावरून धडा ऐकणाऱ्या शाळेच्या लोकांतला एक माणूस तुटक तुटक आवाजात म्हणाला, “बाई, तुमची नदी अडली वाटतं,” आणि कुणीतरी हसलं. नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून रहिमा-ओपाचा आवाज येत होता, बाळाशी बोबडं बोलत होती. त्या भिंतीपर्यंत सहा पावलं आहेत. मी तिला हाक मारून नुसतं “अर्धा तास फोन बंद करा गं सगळ्या” म्हणाले असते तरी झालं असतं. मी उठले नाही. डोळे मिटून दुआ मागत बसले. जे सहा पावलांत झालं असतं ते अल्लाहवर ढकलून मोकळी झाले. पाच दिवसांनी निरोप आला, “तयारी अपुरी.” तू तो मला वाचून दाखवलास आणि विचारलंस, “अपुरी होती का हो, ओयीजान?” मी म्हणाले, नशीब.

ईदला इल्होम ताश्कंदहून आला. तुझं तोंड उतरलेलं पाहून चिडला, आणि पुरुष चिडला की त्याला काहीतरी उचलून फेकायला लागतं. “या पेटाऱ्यानेच घात केला,” म्हणाला, आणि कॉम्प्युटर पोत्यात घालून बाजारात त्या सुटे भाग विकणाऱ्याकडे देऊन आला. तू एका शब्दाने अडवलं नाहीस. मला वाटतं, तुझाही विश्वास बसला होता. कीबोर्ड पोत्याबाहेर लोंबत होता. मी दारात उभी होते, मला बाजूला व्हावं लागलं तेव्हा ते पोतं बाहेर गेलं. मी बाजूला झाले.

तुम्ही दोघं ताश्कंदला गेल्यावर मी चारदा त्या बाजारात जाऊन आले. आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नाही. कीबोर्ड मिळाला नाही. तो माणूस म्हणाला, “आजी, अक्षरं चिकटवलेला कुणी घेत नाही, असले आम्ही टाकून देतो.”

आणि परवा मी रहिमा-ओपाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओशाळेल. ती चिडली, आणि चिडली ती माझ्यावर. “मेली लाज कसली गं तुला? एक शब्द टाकायचा होतास! त्या दिवशी मी सातही घरांचे फोन गोळा करून माझ्या पिठाच्या डब्यात बंद करून ठेवले असते. आपल्या गल्लीची सून परीक्षेला बसली होती आणि तू आम्हाला गप्पा मारू दिल्यास?” मग ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “म्हणजे त्या पोरीचा धडा मी मोडला.” मी म्हणाले, नाही ओपा, मी. काल इल्होमलाही फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “ओयी, तो पेटारा मी स्वतः उचलून नेला.” मी म्हटलं, हिलोलाला तू सांगू नकोस, मी सांगते.

आता हे आजच का लिहिते ते सांगते. तुला माहीत आहे, मी पुढच्या शुक्रवारी मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघणार होते. निघण्याआधी ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन, मला माफ केलंस ना, राजी आहेस ना, असं विचारायचं असतं, त्याशिवाय तिथे जाऊन काही पोचत नाही. मी गल्लीतलं एकेक घर केलं. मंगळवारी तुला फोन केला आणि घाईघाईने विचारलं, “माझ्याकडून काही चुकलं असेल तर राजी आहेस ना, मुली?” तू लगेच म्हणालीस, “राजी आहे, ओयीजान, मनापासून. उलट मीच तुम्हाला रमजानभर त्या जुन्या कॉम्प्युटरपायी त्रास दिला, तुम्ही मला माफ करा.” तू माझी माफी मागितलीस. ती माफी मी चोरून घेतलेली आहे, हिलोला. कशाची देते आहेस हे तुला ठाऊकच नव्हतं. म्हणून ती या पत्राने परत करते. काल यात्रेच्या जमातीच्या मुखियाला सांगून मी या खेपेच्या यादीतून माझं नाव काढून घेतलं. हा तुझ्यावर भार म्हणून सांगत नाही, उलट भार नको म्हणून काढलं. सासू शुक्रवारी निघणार म्हटल्यावर गुरुवारी कुठली सून नाही म्हणेल? आता कुठलाच शुक्रवार तुझ्या मागे लागलेला नाही. तू रागाव, हवं तेवढं रागाव, वसंतापर्यंत, त्याच्या पुढच्या वसंतापर्यंत. राजी झाली नाहीस तर तेही मला कळव, मी ते ऐकायला बसले आहे. फक्त तो अर्ज बाजूला ठेवताना जे कारण तू स्वतःला सांगितलंस, ते आता सांगू नकोस, कारण ते खोटं आहे. तुझी नदी अडली नव्हती. मी अडवली होती.

तुझीच,
तुर्सुनोय